हँडल

जुलै. आमच्या उरुग्वेत थंडी जुलैतच पडते,
नदीवरून येते आणि ओल्या गोणपाटासारखी
अंगावर बसते.
सामना तीन वाजता. स्टेडियमचा रस्ता
सकाळपासून गाड्यांना बंद,
म्हणजे धड चालणाऱ्या गाड्यांना. जुन्यांना मुभा.
नगरपालिकेच्या कागदावर एकोणीस होत्या, आल्या चौदा.
चार ढकलत, एक घोड्यानं ओढत;
टाळ्या घोड्याला जास्त पडल्या.

मी कणकेच्या चकत्यांना मधोमध बोटानं भोकं पाडत होते.
तोर्ता फ्रिताला भोक हवंच,
नाहीतर नुसती फुगते आणि आतून कच्ची राहते,
असं आई म्हणायची आणि बाबांकडे बघायची.
कढईत गुरांची चरबी. तिचा वास
माझ्या केसांना बुधवारपर्यंत पुरायचा.

बाबा शेगडीपाशी. जाळीवर सॉसेज,
आणि निखारे पुढे ओढायला हातात ते लोखंड,
दोनदा काटकोनात वाकलेलं:
आजोबांच्या अठ्ठावीस सालच्या फोर्डचं हँडल.
वाटणीत विल्मारकाकाला गाडी आली, बाबांना हँडल.
वकिलानं तसं काही लिहिलं नव्हतं.
आदल्या रात्री बाबांनीच ते
पँटच्या पायात घालून घरी आणलं होतं, लंगडत.
नऊ वर्षं ते आमच्याकडे निखारे ओढतंय.
नऊ वर्षं काका गाडी उतारावर उभी करतोय.

स्टेडियमचा रस्ता सपाट आहे.

अडीचला दोन एलेउतेरिओंनी भोंग्यातून पुकारलं:
गाड्यांनी मैदानाला एक फेरी मारावी,
मग संघ बाहेर येतील.
तेरा इंजिनं खोकली, धुरली, निघाली.
नववी जागच्या जागी.
ज्युनिअर संघाची सहा पोरं मागून रेटत होती,
आत नेल्बाकाकू, लग्नातला कोट घालून,
समोर बघत, जणू गाडी केव्हाच निघालीये.
दार सुतळीनं बांधलेलं.

बाबांनी सॉसेज उलटली.
उलटलेली पुन्हा उलटली.
मग निखाऱ्यांतून लोखंड उपसलं,
बादलीत बुडवलं (आवाज असा झाला की घोडा बुजला),
माझ्या कमरेचा एप्रन ओढून घेतला, त्यात गुंडाळलं,
आणि रस्ता ओलांडला.
बारा पावलांचा रस्ता. मी मोजली नव्हती,
नंतर एकदा मोजली.

काका म्हणाला, "गरम आहे?"
बाबा म्हणाले, "एका टोकाला."

नऊ वर्षांनंतर एवढंच.
काजळीनं जाड झालेलं ते आधी बसेना.
पान्यानं ठोकलं. बसलं.
बाबा वाकले, आणि काका त्यांच्या पाठीला म्हणाला,
"अंगठा बाहेर."
आजोबा तसंच म्हणायचे, दोघांनाही, रोज;
हँडल उलटं फिरलं की मनगट जातं.
बाबांचा अंगठा बाहेरच होता.
तिसऱ्या फेरीला फोर्ड थरथरली,
काकूची टोपी डोळ्यांवर आली,
आणि पोरं ढकलता ढकलता तोंडावर पडली.

हाफ-टाइमनंतर धुकं उतरलं.
गोल झाला तो आम्हाला हॉर्नवरून कळला,
कुणी केला ते संध्याकाळी.
आम्ही हरलो होतो.

निखारे ओढायला बाबांनी न बघता हात मागे नेला.
तिथं काही नव्हतं.
आईनं, काही न विचारता, झाडू दिला.
तो पेटला.

एप्रन ऑगस्टमध्ये परत आला,
काकूच्या धाकट्याबरोबर, सायकलवरून;
धुतलेला, इस्त्री केलेला, जळल्या जागी दुसऱ्याच रंगाचं ठिगळ,
आणि आत गुंडाळलेली सहा अंडी.
एक फुटलं होतं.